काळी रेघ दिसते का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत मिळून वर्षाकाठी हजारो गर्भवती स्त्रिया दवाखान्यात नाव नोंदवतात. कोणी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कोणी अंबरनाथच्या छाया रुग्णालयात, कोणी बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि पुष्कळ जणी जवळच्या खासगी प्रसूतिगृहात. नोंदणीच्या दिवशी दंडातून रक्त घेतले जाते आणि हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ अशा तपासण्या होतात. त्याच रक्तातला अर्धा थेंब काचेच्या एका नळीतल्या दोन मिलिलिटर पाण्यात सोडायचा. हे पाणी मिठाचे असते, पण रक्तद्रवाच्या मानाने निम्म्याहून कमी खारट, म्हणजे ०.३६ टक्के. अर्धा तास थांबायचे. मग नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरायचा. रेघ स्वच्छ दिसली तर ती स्त्री बहुतेक करून थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक नाही. रेघ धूसर दिसली किंवा दिसलीच नाही, तर पुढची तपासणी करायची. ‘नेस्ट्रॉफ्ट’ या नावाने ही चाचणी ओळखली जाते. परदेशी डॉक्टरांच्या एका नळीच्या पद्धतीला १९८०च्या दशकात मुंबईच्या डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल असे रूप दिले. खर्च काही रुपयांचा. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. या तीन शहरांत गर्भवतींच्या पहिल्याच भेटीत ही चाचणी न चुकता व्हावी आणि कनिष्ठ महाविद्यालयांत ती प्रत्येकाला देऊ केली जावी, अशी माझी मागणी आहे. मागणी नळीची असली तरी तिचा खरा आधार नळीत नाही, तो तांबड्या पेशीभोवतीच्या पटलात आहे. ते पटल समजले की या चाचणीची ताकद कळते आणि तिच्या मर्यादाही.

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या सात-आठ भागांएवढी या पटलाची जाडी. त्याचे मूळ बांधकाम फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचे. या रेणूच्या एका टोकाला पाणी आवडते, उरलेल्या दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. पाण्यात असे असंख्य रेणू एकत्र आले की ते आपोआप दोन थरांत उभे राहतात: शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे. ही गोष्ट पहिल्यांदा तांबड्या पेशींवरूनच कळली. १९२५ मध्ये हॉलंडमधल्या लायडन येथे खॉर्टर या बालरोगतज्ज्ञाने ग्रेंडेल या सहकाऱ्याबरोबर रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्या मेदाने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांनी मेद पुरता काढला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले. थॅलेसेमियाचे वर्णन डेट्रॉइटच्या कूली या बालरोगतज्ज्ञाने केले ते वर्षही १९२५च. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी हे दोन थर घट्ट नसून प्रवाही आहेत आणि त्यांत प्रथिने तरंगत असतात, अशी मांडणी केली. आज शाळेत शिकवतात ती हीच. तांबड्या पेशीच्या पटलात वजनाने निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, चाळीस टक्क्यांच्या आसपास मेद आणि उरलेली शर्करा. मेदात फॉस्फोलिपिडच्या जोडीला जवळपास तितकेच रेणू कोलेस्टेरॉलचे. हृदयविकारामुळे बदनाम झालेला हा पदार्थ इथे पटल फार पातळ किंवा फार ताठ होऊ देत नाही. प्रथिनांपैकी काही दारांचे काम करतात. पाण्याचे दार असलेले ॲक्वापोरिन तांबड्या पेशींतच सापडले आणि त्यासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पटलाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन या लांबट प्रथिनाची जाळी असते आणि ती ठिकठिकाणी पटलाला बांधलेली असते. केशवाहिनी पेशीहूनही अरुंद असते. तिच्यातून ही पेशी घडी घालून निघते आणि पलीकडे पुन्हा पूर्वीच्या आकारात येते, ते या जाळीच्या जोरावर.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पटल वाकते, दुमडते, मुरडते, पण ताणले जात नाही. त्याचे क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून अधिक वाढवू पाहिले की ते फाटते. मग पेशी फुगते कशी? तांबड्या पेशीचे आकारमान साधारण ९० घन मायक्रोमीटर असते आणि तिच्या पटलाचे क्षेत्रफळ १४० चौरस मायक्रोमीटरच्या घरात. तेवढाच ऐवज चेंडूसारख्या गोल आवरणात ठेवायचा तर ९७ चौरस मायक्रोमीटर पुरले असते. म्हणजे पेशी ही अर्धवट भरलेल्या पोत्यासारखी आहे. कापड जास्त आणि माल कमी, म्हणून ती चपटी आणि मध्ये खोलगट. फिक्या मिठाच्या पाण्यात टाकली की परासरणाने पाणी आत शिरते, ढिलेपणा संपेपर्यंत पेशी फुगते आणि पूर्ण गोल झाल्यावर पाण्याचा आणखी थोडा अंश आत गेला की फाटते. हिमोग्लोबिन बाहेर येते, द्रावण लालसर पण नितळ होते आणि मागची काळी रेघ स्पष्ट दिसते. ०.३६ टक्क्यांच्या पाण्यात निरोगी पेशींचे असेच होते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशीत हिमोग्लोबिन कमी असते, त्यामुळे तिचे आकारमान घटते, पण पटल त्या प्रमाणात घटत नाही. पोते आणखी ढिले. तिला गोल व्हायला जास्त पाणी लागते आणि ०.३६ टक्क्यांच्या द्रावणात तिच्यासारख्या पुष्कळ पेशी न फाटता तरंगत राहतात. द्रावण गढूळ राहते आणि रेघ झाकली जाते. ही चाचणी जनुक पाहत नाही, हिमोग्लोबिनही मोजत नाही. पटल आणि ऐवज यांचे गुणोत्तर ती गढूळपणाच्या रूपाने डोळ्यांपुढे आणते. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात परासरण असतेच. बेदाणे पाण्यात टाकून मुलांना जे दाखवतात, त्याचाच हा वैद्यकीय उपयोग.

वाहक माणूस आजारी नसतो, हे स्पष्ट सांगायला हवे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची दोन जनुके असतात, त्यांपैकी एक बिघडलेले, दुसरे चांगले. अशा व्यक्तीला थॅलेसेमिया मायनर म्हणतात आणि ती सगळे आयुष्य नेहमीसारखे जगते. प्रश्न येतो दोन वाहकांच्या विवाहात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल दोन्ही बिघडलेली जनुके घेऊन येईल. त्याच्या शरीरात बीटा साखळी बनत नाही किंवा अगदीच थोडी बनते, आणि अल्फा साखळ्या जोडीदाराविना उरतात. या बेवारस साखळ्या पेशीच्या पटलाच्या आतल्या बाजूला चिकटून साचतात. त्यातून सुटणारे लोह पटलातल्या मेदाला आणि स्पेक्ट्रिनला गंजवते, वरच्या प्रथिनांचे गठ्ठे होतात आणि नेहमी आतल्या थरात राहणारे एक फॉस्फोलिपिड बाहेरच्या थरात येते. ही पेशी संपवा, असा तो भक्षकपेशींना इशारा ठरतो. बहुतेक पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच मरतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती केंद्रक नसलेली असल्यामुळे तिला पटल दुरुस्त करायला नवे प्रथिन बनवता येत नाही. या मुलाच्या पेशींना तेवढा अवधीच मिळत नाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल फिके पडू लागते आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त. प्रत्येक पिशवीतून साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि शरीर स्वतःहून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकू शकते. ते साचलेले लोह हृदय, यकृत आणि ग्रंथींना खाते, म्हणून लोह काढण्याची औषधे जन्मभर. त्यात आणखी एक अडचण पटलाचीच. रक्तगट म्हणजे पटलावरच्या शर्करा आणि प्रथिनांची ओळख. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगाला दाखवलेला ‘बॉम्बे रक्तगट’ हाही तिथलाच, एका शर्करेच्या अभावाचा. ए, बी आणि आरएच जुळवले तरी दुसऱ्याच्या पटलावर इतर कितीतरी खुणा असतात. वर्षानुवर्षे परके रक्त घेणाऱ्या काही मुलांत त्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि मग जुळणारी पिशवी शोधणे दर वेळी अवघड होत जाते.

ही चाचणी सगळीकडेच हवी, मग या तीन शहरांचेच नाव कशाला? कारण इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी जिथे होती, तिथे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. गावाचे भाग आजही कॅम्प एक ते पाच म्हणूनच ओळखले जातात. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. याचा संबंध बहुधा मलेरियाशी. वाहकांच्या पेशींत मलेरियाच्या परजीवीला नीट वाढता येत नसावे, असा तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडला. मलेरियाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत हे जनुक टिकून राहिले, यात त्या समाजांचा दोष काहीच नाही. पण उल्हासनगर म्हणजे सिंधी आणि सिंधी म्हणजे थॅलेसेमिया, असे समीकरण मांडणारा निम्मे चित्रच पाहतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जास्त प्रमाणाचे समाज म्हणून सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली यांच्याबरोबर महार, कोळी, सारस्वत, लोहाणा यांचीही नावे आहेत. पाच लाखांवर वस्तीचे उल्हासनगर, कारखान्यांच्या आधाराने वाढलेले अंबरनाथ आणि मुंबईत घर न परवडणाऱ्यांना सामावून घेणारे बदलापूर; या तीन शहरांत यांपैकी जवळजवळ सगळ्या समाजांचे लोक राहतात. हिशेब साधा आहे. शंभरात चार वाहक असतील आणि लग्ने आपापसांत होत असतील, तर सव्वासहाशे जोडप्यांत एक जोडपे दोन्ही वाहकांचे निघेल आणि अडीच हजार जन्मांत एक मूल आजारी. शंभरात दहा असतील तर शंभर जोडप्यांत एक आणि चारशे जन्मांत एक. वाहक अडीचपट झाले की आजारी मुले सव्वासहापट होतात. ज्या शहरात वेगवेगळे दर असलेले समाज शेजारी राहतात आणि अजूनही बहुतांशी आपल्यातच लग्ने करतात, तिथे सरासरीवर विसंबून धोरण आखले तर ते चुकणारच.

चाचणी कधी करायची, यावर तिचा निम्मा उपयोग ठरतो. गर्भाला आजार आहे का, हे कळण्यासाठी वारेतले ऊतक काढून तपासतात, ते दहाव्या ते बाराव्या आठवड्यात. आपल्याकडे बाई दवाखान्यात नाव नोंदवते ती पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात किंवा त्यानंतर. मग रक्त प्रयोगशाळेत जाते, अहवाल येतो, पुढच्या भेटीला डॉक्टर तो पाहतात, नवऱ्याला बोलावतात, तो सुट्टी मिळेल तेव्हा येतो, त्याचे रक्त पुन्हा जाते. इतक्यात महिना गेला, की निर्णयाला वेळ उरत नाही. नळीच्या चाचणीची खरी किंमत इथे आहे. अर्ध्या तासात, बाई अजून बाकावर बसलेली असताना, उत्तर मिळते. रेघ दिसली तर ती घरी जाते आणि तिला यापुढे काही करायचे नसते. दिसली नाही, तर त्याच दिवशी तिचे रक्त पुढच्या तपासणीसाठी वेगळे काढता येते आणि नवऱ्याला निरोप धाडता येतो. स्वस्ताईपेक्षा हा वाचलेला वेळ मला महत्त्वाचा वाटतो.

या चाचणीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो पटलाच्या भूमितीतूनच येतो. लोहाच्या कमतरतेनेही पेशी लहान आणि ढिल्या होतात, मग तिथेही रेघ धूसर दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मग निम्म्या बायकांच्या नळ्या गढूळ राहतील आणि चाचणीला अर्थच उरणार नाही, असे म्हणतात. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धवट. रक्तक्षय असलेल्या प्रत्येकीच्या पेशी नळी गढूळ राहण्याइतक्या लहान झालेल्या नसतात. ज्यांच्या झालेल्या असतात त्यांना लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने लागणारच असतात आणि गढूळ नळी ते दाखवून देते. दोन कारणांपैकी कोणते, हे पुढच्या तपासणीत कळते. चाळणी चाचणीकडून अपेक्षा असते ती वाहक सुटू नये एवढीच. उगाच थांबवलेल्यांना पुढे सोडता येते. मात्र चाळणीतून काही थोडे वाहक निसटतात, हेही मान्य करायला हवे. जिथे नवरा आधीच वाहक म्हणून माहीत आहे किंवा घरात थॅलेसेमियाचे मूल आहे, तिथे नळीवर थांबणे हा गुन्हा ठरेल. तिथे थेट पक्की तपासणीच हवी. एक खबरदारी सिकलसेलबद्दलही. सिकलसेलच्या वाहकाची ओळख या नळीने खात्रीने पटत नाही, त्याची विद्राव्यता चाचणी वेगळी आहे आणि ती वेगळीच करावी लागते.

दुसरा आक्षेप यंत्रवाल्यांचा. पेशी मोजणारी स्वयंचलित यंत्रे आता गल्लोगल्ली आहेत, ती प्रत्येक अहवालात पेशीचे सरासरी आकारमान छापतात. शिवाय हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारे एचपीएलसी यंत्र आहे. मग नळीचे कौतुक कशाला? पहिल्या भागाशी मी सहमत आहे. जिथे यंत्र आहे तिथे त्याचाच आकडा वाचावा: ८० हून कमी आकारमान म्हणजे पुढची तपासणी. रक्ताच्या अहवालावर तो आकडा छापलेला असतोच. नजर मात्र हिमोग्लोबिनच्या ओळीवर थांबते आणि खालच्या ओळी वाचल्या जात नाहीत. न वाचलेला आकडा आणि न केलेली चाचणी यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक नाही. एचपीएलसी मात्र सगळ्यांची करण्यात शहाणपण नाही. ती महाग आहे, मध्यवर्ती ठिकाणीच होते, उत्तराला दिवस लागतात; आणि तीही अचूक नाही, कारण ज्या ‘ए-टू’ हिमोग्लोबिनच्या वाढीवरून ती वाहक ओळखते, ते तीव्र लोहकमतरतेत खाली येऊ शकते. समजा शंभर नळ्यांपैकी वीस गढूळ राहिल्या, तर एचपीएलसी विसांचीच करावी लागते. बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाच्या बाजूला जी आदिवासी पाडे-वस्ती आहे, तिथल्या उपकेंद्रात यंत्र येईल तेव्हा येईल. नळी तिथे आज चालते.

आता सामाजिक आक्षेप, जो मला वैद्यकीय आक्षेपापेक्षा अवघड वाटतो. ‘वाहक’ असा शिक्का बसला की मुलीचे लग्न जमायचे नाही, अशी भीती लोक बोलून दाखवतात. ती खोटी नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात सिकलसेलच्या वाहकांची चाचणी झाली, तेव्हा वाहक म्हणून कळलेल्यांकडे गाव वेगळ्या नजरेने पाहू लागले आणि काहींनी आपला निकाल लपवला. चाचणी एका गावापुरतीच, असा तो प्रकार होता. सायप्रसमध्ये उलटे घडले. तिथे सगळ्यांचीच चाचणी झाली, चर्चने १९८०च्या दशकात लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही. मुलांच्या बाबतीत काय करायचे ते त्यांनी नंतर ठरवले. यातून माझ्यापुरता निष्कर्ष असा की फक्त सिंधी वस्तीत शिबिर घेऊन जाणे ही सगळ्यात चुकीची पद्धत. त्याने समाजावर छाप बसते आणि शेजारचा कोळी, महार, मराठा, उत्तर भारतीय कुटुंबातला वाहक बेफिकीर राहतो. चाचणी सगळ्यांची, आणि मुलाची मुलीइतकीच. सायप्रससारखी सक्ती मात्र आपल्याकडे करू नये. दवाखान्यावर चाचणी देऊ करण्याची सक्ती असावी, माणसावर करून घेण्याची नाही. निकाल त्या व्यक्तीच्या हाती, नोटीस बोर्डावर किंवा समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर नव्हे.

लग्नाच्या वेळी चाचणी, ही लोकप्रिय सूचना मला पटत नाही. आपल्याकडे पत्रिका छापायला गेल्यावर रक्त तपासणे म्हणजे दोन कुटुंबांना कोंडीत पकडणे. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात, कोणाशीही नाते जुळायच्या आत, हे कळलेले बरे. उल्हासनगरचे चांदीबाई आणि तलरेजा ही दोन महाविद्यालये, बदलापूरचे आदर्श, अंबरनाथमधली कनिष्ठ महाविद्यालये यांच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परासरणाचा प्रयोग होतोच. तिथे प्रात्यक्षिक म्हणून पटल शिकवावे आणि ज्याला हवे त्याने आपले रक्त तपासून घ्यावे. निकाल बंद पाकिटात. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती. २०१६ ची तत्त्वे आठवीतच एकदा तपासणी सुचवतात. माझ्या मते ते वय थोडे लहान आहे, तेव्हा मिळालेला कागद लग्नाच्या वयापर्यंत हरवतो.

चाचणीनंतरच्या निर्णयाबद्दल कडवट प्रश्न विचारला जातो: हे आजारी मुलांना जन्मच नाकारण्याचे धोरण नाही का? हा प्रश्न टाळता येत नाही. कायद्याने वाट ठेवली आहे. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी प्रसूतिपूर्व निदानाची मुभा आहे आणि परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय संस्थेत, जिची सुरुवात १९५७ मध्ये रक्तगटांचे केंद्र म्हणून झाली, असे निदान होते. पण कायद्याची मुभा म्हणजे कोणावर लादलेला निर्णय नव्हे. गर्भ आजारी आहे हे कळल्यावरही मूल ठेवण्याचा हक्क जोडप्याचा आहे आणि त्यांनी तो वापरला तर रक्त, औषधे आणि सन्मान यांत कसूर होता कामा नये. थॅलेसेमिया हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेले अपंगत्व आहे, ही कृपा नसून हक्क आहे. चाचणीवरचा खर्च आणि रुग्णसेवेवरचा खर्च यांची एकमेकांशी स्पर्धा लावणारे लोक हिशेबही चुकवतात. सार्डिनियात अडीचशे जन्मांत एक असे असलेले प्रमाण चार हजारांत एकपर्यंत खाली आले, तेव्हा तिथल्या रुग्णालयांना जगलेल्या रुग्णांची नीट काळजी घेता येऊ लागली. रक्ताच्या पिशव्या मर्यादित आहेत, ज्यांना त्या लागतातच त्यांच्या वाट्याला त्या पुरेशा याव्यात हेही प्रतिबंधाचेच फळ.

जनुकोपचाराने सगळे सुटेल, मग आता घाई कशाला, असे म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येते. जनुक संपादनावर आधारलेला पहिला उपचार २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि त्यानंतर अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आपल्याकडे होते, मुंबई महापालिकेचे बोरिवलीचे केंद्र ते करते, आणि कोल इंडियाच्या निधीतून दहा लाखांपर्यंत मदत मिळण्याची योजना आहे. पण पूर्ण जुळणारा सख्खा भाऊ किंवा बहीण प्रत्येक मुलाला नसते. कोणत्याही एका भावंडाचे जुळण्याची शक्यता चारात एक.

काम अडते ते पैशापेक्षा शिस्तीवर. ०.३६ टक्क्यांचे द्रावण आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांसह बनवावे लागते. ते शिळे झाले, पाणी उडून गेले, नळी धुताना साबण राहिला, तर निकाल खोटा येतो; साबण तर पेशीचे पटलच विरघळवतो आणि वाहकाचीही रेघ स्वच्छ दिसते. म्हणून द्रावण एका ठिकाणी, मध्यवर्ती रुग्णालयात, दर आठवड्याला बनवून तारीख घालून तीनही शहरांत वाटावे. दर दिवशी एक नळी वाहक नसल्याचे माहीत असलेल्या व्यक्तीच्या रक्ताची असावी, म्हणजे पाणी उडून द्रावण जास्त खारट झाले तर ताबडतोब कळेल. गढूळ निघालेले नमुने एचपीएलसीसाठी ठरलेल्या वारी एकाच वाहनाने जावेत आणि अहवाल ठरलेल्या मुदतीत परत यावा. खासगी प्रसूतिगृहांना हेच द्रावण विनामूल्य द्यावे, कारण पुष्कळ बाळंतपणे त्यांच्याकडे होतात आणि त्यांना वगळून धोरण उभे राहत नाही. आणि नवऱ्याला बोलावण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे असावे. आज ते ‘सांगते हं त्यांना’ या वाक्यावर सोपवलेले असते; ज्या बाईची नळी गढूळ आहे तिच्या नवऱ्याचा फोन नंबर नोंदणीच्याच अर्जावर मागावा, आणि तो शनिवारी-रविवारी येऊ शकेल अशी वेळ ठेवावी. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या माणसाला मंगळवारी सकाळी अकराला दवाखान्यात ये म्हणणे म्हणजे येऊ नकोस म्हणणेच.